एका काचेचे दोन गुन्हेगार

३ एप्रिल

ताई, नमस्कार.

फोनवर तुझं ऐकता ऐकता मी कॉम्प्युटर बडवत असतो, म्हणून यापुढे काय ते कागदावर कळव, असं फर्मान तू काढलंस. तर कागदावर कळवतो. रविवारी आईने माझ्या गाडीचं सनरूफ फोडलं.

सनरूफ म्हणजे गाडीच्या टपात बसवलेली काच. मी सुपरमार्केटमध्ये शिरलो तेव्हा आई मागच्या सीटवर व्यवस्थित बसलेली होती. पिशव्या घेऊन परत आलो तर वरच्या काचेचा चुराडा, आणि खाली आई हातात काठी धरून शांत. काय झालं विचारलं तर म्हणाली, मी काठी मारली. का मारलीस, तर म्हणाली, कोंडल्यासारखं झालं.

ही पहिली वेळ नाही. बाथरूमचा नळ सोडून ती दोनदा बाहेर येऊन बसली आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांच्या छतातून पाणी गळलं. आम्ही दोघं दिवसभर कामावर असतो. तिच्या सोबतीला ठेवलेली बाई संध्याकाळी जाते. आज काच फोडली, उद्या स्वतःला काही करून घेतलं तर लोक मलाच धरतील.

गावाबाहेर एक चांगला ज्येष्ठ निवास आहे. डॉक्टर येतात, बाग आहे, सगळं वेळेवर असतं. मी चौकशी केली, एक जागा रिकामी आहे आणि महिनाअखेरपर्यंत ते ती धरून ठेवतील. त्यांच्याकडे सगळ्या मुलांची संमती लागते. आपण दोघंच आहोत. कागद सोबत आहे, सही करून लगेच परत पाठव. मलाही हे सोपं जात नाही, पण भावनेच्या भरात निर्णय घेऊन चालत नाही.

काचेच्या खर्चाबद्दल तुझ्याकडे काही मागत नाही. आकडा ऐकलास तर तुझी झोप उडेल.

धाकटा

*

७ एप्रिल

धाकट्या,

आशीर्वाद. ते एकदा दिले की परत घेता येत नाहीत, नाहीतर या खेपेला विचार केला असता.

तुझं पत्र तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आधी जप आटोप, मग लिहायला बस, नाहीतर लेखणीतून वेडंवाकडं जाईल. जप झाला. तरी वेडंवाकडंच येतंय, त्याला मी काय करू.

एक मला समजावून सांग. माणूस गाडी घेतो ती डोक्यावर टप असावा म्हणून. तू जास्तीचे पैसे मोजून त्या टपाला भोक पाडून घेतलंस. मग भोकाला काच लावलीस. काचेतून ऊन येतं म्हणून तिच्याखाली पडदा लावलास. आणि पडदा ओढून घेतल्यावर आत अंधार होतो म्हणून दिवा लावतोस, हे मी तुझ्या गाडीत बसले तेव्हा माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या घराचं छत गळायचं तेव्हा आम्ही बिनपैशाने आकाश बघत होतो, पण त्याची कुणाला ऐट नव्हती दाखवली.

आईचं वय चौऱ्याहत्तर. तुझ्या त्या उंच गाडीत चढताना तिला खाली पाट ठेवावा लागतो. तिची काठी घरातल्या पंख्याच्या बटणापर्यंत नीट पोचत नाही. ती म्हणे काच फोडते. आणि तू, एवढा शिकलेला, एवढ्या माणसांवर साहेब म्हणून बसलेला, ती म्हणाली म्हणून मान डोलावतोस. लहानपणी मांजराने दूध सांडलं तरी तू मला मार बसेल असं बघायचास. तुझी चौकशी करण्याची पद्धत तीच राहिलीय.

सही करणार नाही. आई काही तुझ्या गॅरेजमधलं जुनं टायर नाही की अडगळ झाली म्हणून गावाबाहेर टाकून यावी.

आणि माझ्या झोपेची काळजी करू नकोस. माझी झोप मोठ्या आकड्याने उडत नाही, न कळलेल्या आकड्याने उडते. कशाचे किती लावलेत ते मांडून पाठव. बघते तरी, कोणत्या रत्नापायी आईला घराबाहेर काढतोयस.

ताई

*

१२ एप्रिल

ताई,

तुझ्या टोमण्यांना उत्तर देत नाही. मुद्द्याचं बोलतो.

शोरूमने सांगितलेला खर्च म्हणजे माझ्या दोन महिन्यांच्या पगारापेक्षा थोडा जास्त. तुला वाटेल, एका काचेला एवढं कसं. ती खिडकीची काच नसते. माझ्या गाडीला पॅनोरमिक सनरूफ आहे, म्हणजे पुढून मागेपर्यंत जवळजवळ अख्खा टप काचेचा. पुढची काच सरकते, मागची पक्की. फुटली ती पुढची. पण कंपनी सुटी काच विकत नाही. चौकट, रूळ, मोटर सगळं मिळून एकच संच येतो. तो बाहेरून मागवावा लागतो, त्याला वेळ लागतो. काचेवर उष्णता अडवणारा थर असतो, रंग असतो. बसवायला गाडीच्या छताचं आतलं अस्तर पूर्ण उतरवावं लागतं, त्याची मजुरी वेगळी. रबर नवं लागतं. तुला वाटतं तसं लांबी लावून चिकटवून टाकलं, असं नसतं.

नशीब एवढंच की आतला पडदा वाचला. काचेचे सगळे तुकडे पडद्यावरच पडले होते, पडद्याला सुरकुतीसुद्धा नाही. त्यामुळे त्याचा खर्च धरलेला नाही. आईच्या अंगावरही एक कण नव्हता, हे देवाचे उपकार.

विमा आहे. पण तिथेही डोकं चालवावं लागलं. गाडीतल्याच माणसाने काठी मारली म्हटलं तर ते निष्काळजीपणा म्हणून नाकारतील. म्हणून मी समोरच्या ट्रकमधून दगड उडाला असं लिहून दिलं. तपासणीला आलेल्या माणसाने काचेला आधी टवका होता का विचारलं. तसा होता एक, कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा, थंडीपासूनचा. मी नाही म्हणालो. उगाच फाटे कशाला फोडायचे. दावा केला की पुढच्या वर्षीची सवलत जाते ती वेगळीच.

आता तूच सांग, इतकं सगळं मी एकट्याने निस्तरायचं, रविवारी सकाळी उन्हात उभं राहून गाडी धुवून आणायची, आईला मोकळी हवा म्हणून फिरायला न्यायचं, आणि त्याचं फळ हे. मी तिला टाकत नाहीये. मी थकलोय.

सहीचं लवकर बघ. महिना निम्म्यावर आलाय.

धाकटा

*

१६ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. एका काचेचे दोन गुन्हेगार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. विमा कंपनीसाठी दगड आणि बहिणीसाठी आई. अजून कुणी विचारलं असतं तर तिसरा शोधला असतास. एखादी घार वगैरे.

आधी खर्चाचं बोलते. आमच्या बाजारामागे गाड्यांच्या काचा बसवणारा एक आहे. माणूस महा बडबड्या, अर्ध्या बोलण्यात स्वतःचं कौतुक, पण तुझे भाऊजी तासभर त्याच्या पुढ्यात बसून आले. तो म्हणाला, शोरूमवाले संच गळ्यात मारतात कारण त्यांना तेच सोपं पडतं. म्हणजे कुकरचं झाकण बिघडलं म्हणून कुकर, शिट्टी आणि शेगडी, सगळं नवं घ्या. बऱ्याच गाड्यांची सुटी काच मिळते, तिचा नंबर घेऊन मागावी लागते. रूळ वाकलेले नसतील आणि मोटर चालत असेल तर त्यांना हात लावायचं कारण नाही. चौकट उतरवायची नसेल तर अस्तर काढायची मजुरीही बरीचशी वाचते. रबर मात्र नवं घे. रुळात अडकलेले काचेचे कण एकूण एक काढून घे, नाहीतर मोटर त्यावर घासून जाईल आणि मग खरंच संच घ्यावा लागेल. पाणी जायच्या नळ्या कडेला असतात, त्याही तुंबल्यात का ते बघ. आणि काच बसल्यावर मोटरला कुठे थांबायचं ते नव्याने शिकवावं लागतं म्हणे. तुझ्यासारखंच आहे तिचं.

फार स्वस्तातली नक्कल घेऊ नकोस. ती शिट्टी वाजवते आणि गळते. मी चिकट आहे, मूर्ख नाही. विम्याचे पैसे किती मिळतात आणि सवलत किती जाते हे शेजारी शेजारी लिहून बघ. दोन्हींत फारसा फरक नसेल तर तो दगड परत घे. देवापुढे उभं राहायचं असतं कधीतरी.

आता आईचं. तू स्वतःच्या हाताने लिहिलंयस की सगळे तुकडे पडद्यावर होते आणि पडदा शाबूत होता. म्हणजे काच फुटली तेव्हा पडदा ओढलेला होता. पडदा काचेच्या खाली. आई पडद्याच्या खाली. मग तिची काठी पडद्याला सुरकुती न पाडता काचेपर्यंत गेली कशी? देवळातल्या भिंतीतून जाणारे सिद्धपुरुष ऐकले होते, काठी ऐकली नव्हती.

त्या काचवाल्याला मी निरोप पाठवून एवढंच विचारलं, की कडेला जुना टवका, वर कडक ऊन, आणि तापलेल्या काचेवर नळीने गार पाणी, तर काय होतं. तो म्हणाला, त्याच दिवशी फुटेल किंवा आठवड्याने फुटेल, पण फुटेल, आणि बंदुकीसारखा आवाज करून फुटेल. तुझी काच तू फोडलीस, साहेब. थंडीपासून टवका बघत होतास आणि रविवारी सकाळी त्यावर पाण्याची नळी धरलीस.

आई बिचारी आवाजाने भेदरली असेल. तू पिशव्या घेऊन वसकन अंगावर गेलास म्हणून तिने तोंडाला येईल ते कबूल केलं. म्हातारी माणसं भीतीने काहीही कबूल करतात. आणि तू ते कबुलीपत्र घेऊन तिला घालवायला निघालास. लाज वाटत असेल तर आजच तिची माफी माग आणि त्या निवासवाल्यांना नाही म्हणून कळव. सही न केलेला कागद परत पाठवते आहे. पाठ कोरी आहे, भाजीची यादी करायला होईल.

ताई

*

२० एप्रिल

ताई,

तू जिंकलीस. पडद्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. गाडी धुतल्याचंही खरं आहे. विम्याचा दावा मागे घेतला, सुटी काच मागवली, शोरूमच्या निम्म्याहूनही कमी पडते आहे. त्याबद्दल आभार मानायला हवेत, पण तुझं पत्र वाचल्यावर आभार मानायला माणूस उरत नाही.

निवासवाल्यांना फोन करून आमचा विचार नाही असं सांगितलं. ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत जागा आहे, नंतर दुसऱ्या कुणाला देऊ. मी म्हटलं, खुशाल द्या.

आईची माफी मागितली. तिच्या पायाशी बसून मागितली, तुझी वहिनी साक्षीला आहे. म्हटलं, आई, काच तू फोडली नाहीस हे आम्हाला कळलं, ताईने सिद्ध केलं, आता तू कुठेही जायचं नाहीस. ती माझ्याकडे बघत राहिली. रात्री जेवलीही नाही. फार भरून आलं असावं. तिच्यासाठी खोलीत नवा टीव्ही लावतो आहे, आणि संध्याकाळसाठीही एक बाई ठेवतो आहे, म्हणजे तिला क्षणभरसुद्धा एकटं राहावं लागणार नाही.

धाकटा

*

२१ एप्रिल

मुली,

हे पत्र सोबतीच्या बाईच्या हाती टाकायला दिलंय. तिला वाचता येत नाही, आणि वाचता आलं तरी तिला कुणी विचारत नाही. या घरात ते तिचं नि माझं सारखं आहे.

तुला न्याय करायला कुणी बोलावलं होतं?

काच माझ्या काठीने फुटली नाही हे मला तुझ्याआधी माहीत होतं. मी खाली बसले होते. मोठा आवाज झाला, आणि पडद्यावर कुणीतरी सुपातून तांदूळ ओतावेत तसं ऐकू आलं. मी देवाचं नाव घेतलं. मला कुठे खरचटलंही नव्हतं. मग समोरून तो पिशव्या घेऊन येताना दिसला, आणि माझ्या डोक्यात आलं की देवाने याहून चांगली संधी दिली नसती. काठी उचलून हातात घेतली. पडदा तेवढा उघडायचा राहिला. ती अक्कल मला झाली नाही आणि त्याला दिसली नाही. ती तुला दिसायची होती.

नळही मीच सोडले. खालच्यांचं छत भिजलं त्याचं वाईट वाटतं. गॅसला मात्र कधी हात लावला नाही, तेवढी शुद्ध आहे.

त्या निवासात माझी मैत्रीण राहते, तुम्ही जिला घंटी म्हणायचात ती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची ती. तुम्ही दोघं तिच्या आवाजाला हसायचात. अर्धं आयुष्य आम्ही दोघींनी कानाला यंत्रं लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आणि मधल्या वेळात एकमेकींशी बोललो. तिच्या खोलीतली दुसरी खाट रिकामी झाली, तीच ही जागा. गेल्या वर्षी अशीच एक जागा होती तेव्हा मी तुझ्या भावाला सरळ विचारलं होतं. म्हणाला, लोक माझ्या तोंडात शेण घालतील. तेव्हा कळलं की याला मागितलेलं देता येत नाही, स्वतःला सुचलेलंच पटतं. म्हणून त्याला सुचेल अशी व्यवस्था केली. सगळं जमत आलं होतं. त्याला मी नकोशी झाले होते, कागद आणला होता, मी रात्री बॅग भरून ठेवली होती. मग तुझं पत्र आलं, ते त्याच्या टेबलावरून घेऊन मीही वाचलं, आणि हा माझ्या पायाशी येऊन बसला. लग्नातसुद्धा एवढा वाकला नव्हता.

आता दोन बायका आणि एक टीव्ही. कोपऱ्यात कॅमेरा आधीचाच आहे. मी उठले की बाई म्हणते, आजी पडाल. बसले की म्हणते, आजी पाय सुजतील. मी कुणाशी दोन वाक्यं धड बोलले त्याला किती दिवस झाले ते तूच मोज, तुला मोजायची आवड आहे.

तू म्हणशील, माझ्याकडे ये. येणार नाही. तुझ्याकडे दूध मापाने मिळतं आणि उपदेश बिनमापाने. तो मला अडगळ समजतो आणि तू मला बिचारी समजतेस. त्याचा मला राग येत नाही, त्याची समजच तेवढी. तुझा येतो. इतकं बारीक बघतेस, पडद्याची सुरकुतीसुद्धा तुझ्या नजरेतून सुटत नाही. पण भावाला पानंच्या पानं लिहिलीस, आणि मला एका ओळीने विचारलं नाहीस, की आई, तुला कुठे राहायचंय.

मी हुशार मुलं वाढवली. फार मोठी चूक झाली.

महिना संपायला थोडे दिवस आहेत. काय करायचं ते तू बघ. सिद्ध करायला येतं तुला.

आई

*

२४ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र मी भाऊजींना वाचून दाखवलेलं नाही.

माझी चूक झाली. काच आईनेच फोडली.

पडद्याचा हिशोब मी घाईत मांडला होता. तो असा आहे. पडदा आधी उघडा होता. आईने काठी मारली. या काचा एकदम खाली येत नाहीत, जाळीसारख्या तडकून क्षणभर तशाच लोंबतात. तिने घाबरून बटण दाबलं आणि पडदा ओढला गेला. तुकडे पडले ते त्यानंतर, पडद्यावर. म्हणून पडदा शाबूत आणि तिच्या अंगावर कण नाही. तू बारकाईने पाहिलं असतंस तर तुझ्याच लक्षात आलं असतं, पण तुझ्याकडून ती अपेक्षा कुणीच करत नाही. त्या बडबड्या काचवाल्याचं मनावर घेऊ नकोस, त्याचं अर्धं खोटंच असतं. उंचीचं मी लिहिलं होतं तेही सोड. सीटवर गुडघा टेकवला की पोचते काठी.

तेव्हा तुझंच खरं. ती आता तुझ्या हाताबाहेर गेली आहे. आज काच, उद्या टीव्ही. नवा लावला असशील तर काढून ठेव. लोक काय म्हणतील याची चिंता करू नकोस, लोकांना मी सांगते. तुला नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, मीच जर निर्णय बरोबर म्हटला तर बाकीचे गप्प बसतील.

निवासवाल्यांना आजच फोन कर. तीच जागा हवी, तीच खोली, दुसरी कुठली दाखवली तर घेऊ नकोस. कारण विचारू नकोस. आयुष्यात एकदा तरी न विचारता सांगितलेलं ऐक. त्यांचा छापील कागद तुझ्याकडे, तो पुन्हा इथवर यायला वेळ नाही, म्हणून मी साध्या कागदावर संमती लिहून सही केली आहे, सोबत आहे. देवापुढे बसून केली. देवाला काय वाटलं ते मी आणि तो बघून घेऊ.

तिची बॅग भरलेली असेल. तिला पुन्हा भरायला लावू नकोस. काच आली नसेल तर टपावर जाड प्लास्टिक ताणून बसव आणि तसाच घेऊन जा, पण महिना संपायच्या आत.

आणि तिला तिथे सोडताना पायाशी बसून पुन्हा माफी मागायला जाऊ नकोस. तिला हसू आवरणार नाही.

ताई